मेव्हण्याचं रिव्हॉल्वर

मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत खुर्ची उलटी करून बसलो होतो. चार पायांपैकी एक पाय फरशीला टेकत नव्हता. फट अशी की जेमतेम पोस्टकार्ड सरकेल. घरात त्याचा कुणालाच त्रास नव्हता, मला होता. मला असल्या गोष्टींचा त्रास होतो आणि रिटायर झाल्यापासून जरा जास्तच होतो, कारण त्रास करून घ्यायला आता कारखाना उरलेला नाही.

"दाजी, लायसन झालं," तो फोनवर ओरडला. त्याला फोनवर हळू बोलता येत नाही. "आता वस्तू घ्यायची. पण तुम्ही पाहिल्याशिवाय हात लावणार नाय."

वस्तू म्हणजे रिव्हॉल्वर. छोटं, खिशात मावेल असं, सरकारी कारखान्याचं नवं मॉडेल. मी म्हटलं, अरे बाबा, मी आयुष्यात खेळण्यातली टिकल्यांची बंदूक सोडून दुसरी हातात धरलेली नाही. मला काय विचारतोस?

"लोखंडच ना शेवटी? लोखंड तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

हे मात्र मला आवडलं. कबूल करतो, आवडलं.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीत होतो. गाड्यांचे छोटे छोटे भाग बनायचे, ते तपासायचे. दिवसभरात माझ्या तोंडून दोनच शब्द जायचे, ओके किंवा रिजेक्ट. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता, की शब्द एकदाच बोलायचा, मोठ्याने बोलायचा, आणि बोलल्यावर मालकाचा बाप आला तरी फिरवायचा नाही. मी तो कधी फिरवला नाही. असेंब्लीवाल्यांशी माझं त्यावरून कायमचं वाकडं होतं. ते भाग जोडायचे, आणि मधूनच माझा ओके केलेला भाग परत घेऊन यायचे, "बसत नाही" म्हणून. मी पुन्हा मापायचो. माप बरोबर. मग मी म्हणायचो, पार्ट ओके आहे, तुमचं तुम्ही बघा. त्यांचं ते काय बघायचे देव जाणे, मी कधी त्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

सासुरवाडीत माझ्या या स्वभावाची यथेच्छ टिंगल होते. मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे खायच्या आधी मी त्यांच्या दाराची बिजागरी वाकडी आहे असं सांगितलं होतं, ही गोष्ट चांदवड तालुक्यात अजून सांगतात. सासूबाई म्हणायच्या, जावई नाही मिळाला, गाळणी मिळाली. मेव्हण्याच्या लग्नात मी मांडवाचा एक खांब कललेला आहे, ओळंब्यात नाही म्हणून अडून बसलो होतो. शेवटी त्या खांबाला दोन पोरं टेकवून उभी केली आणि लग्न लावलं. तर असा मी. मला काही पसंत पडत नाही, ही माझी ख्याती.

मेव्हणा माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून बराच लहान. चांदवडजवळ शेती आहे, कांदा पिकवतो, शिवाय आसपासच्या लोकांचा कांदा घेऊन लासलगावला नेतो. चार पैसे गाठीला आहेत, व्यापारात ओळख आहे. लायसनच्या अर्जात कारण तेच दिलं होतं, व्यापारासाठी रोख घेऊन फिरावं लागतं. माणूस सोन्यासारखा. आमच्या घरी कुणी आजारी पडलं तर पहिली गाडी त्याची दारात. पण डोकं तापलं की तापलं. रागाला पटकन चढतो आणि उतरायला त्याला फार वेळ लागतो.

तो यायचा होता त्या दिवशी सकाळी ही मेथी निवडत बसली होती. मी आपला चष्मा, छोटी बॅटरी आणि भिंग पिशवीत टाकत होतो. मापं घ्यायचं व्हर्नियर घ्यावं की नाही यावर माझं मनाशी भांडण चाललं होतं.

"एक सांगू का?" ती म्हणाली. मान वर नाही केली.

"सांग."

"काहीतरी खोट काढा त्यात. घेऊ देऊ नका त्याला."

मी व्हर्नियर खाली ठेवलं.

"असली तर काढीनच की. नसली तर काय तोंडाने तयार करू?"

"माकडाच्या हातात कोलीत आहे ते. माझाच भाऊ आहे, मलाच माहीत."

विहिरीचं प्रकरण मलाही माहीत होतं. त्यांची विहीर सामाईक आहे, मेव्हण्याची आणि त्याच्या चुलतभावाची. दोघांच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एकाची पाळी संपली की त्याने मोटार बंद करायची आणि दुसऱ्याने चालू करायची, एवढी साधी गोष्ट. पण चुलतभाऊ मोटार बंद करायला उशीर करतो, मेव्हणा बांधावर जातो, मग दोघांच्या सात पिढ्या बांधावर येतात. गेल्या उन्हाळ कांद्याच्या वेळी मेव्हणा घरातून कुऱ्हाड घेऊन निघाला होता. त्याची बायको दारात आडवी झाली म्हणून राहिलं. हे सगळं त्या बाईने माझ्या बायकोला फोनवर रडत सांगितलेलं.

"मग तू सांग ना त्याला," मी म्हटलं.

"माझं ऐकतो? तुमचं ऐकतो. तुम्ही नाही म्हणालात की संपलं."

"अगं, चांगल्या मालाला मी वाईट कसं म्हणू? जन्मात एक चांगला पीस मी नापास केलेला नाही."

"मग आज करा," ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेली.

मला राग आला. तिचा आला, त्याचा आला, त्या रिव्हॉल्वरचाही आला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. मी उगाच दोनदा गॅस बंद आहे का ते बघून आलो. खुर्ची सरळ केली, बसलो, ती डुगडुगली, उठलो. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

मेव्हणा पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. बहिणीच्या पाया पडला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. मी पिशवी उचलून जिन्याकडे वळलो.

गंगापूर रोडला लागल्यापासून तो जो बोलायला लागला तो थांबेना. कांद्याचा भाव, आमदाराच्या भाच्याचं लग्न, नवा ट्रॅक्टर, पुन्हा भाव. सिग्नलला गाडी थांबली की त्याची बोटं स्टिअरिंगवर ताशा वाजवत होती. "दाजी, आधी मिसळ खाऊ," तो म्हणाला. मी म्हटलं, तपासणीच्या आधी खायचं नाही, पोट भरलं की डोळा सुस्तावतो. तो खो खो हसला. इतकं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुकान जुन्या नाशकात, मेन रोडच्या मागच्या एका गल्लीत, अरुंद जिन्याने वर. बाहेरून कळणारही नाही. आत लोखंडी जाळी, कॅमेरे, काउंटरवर हिरवं फडकं अंथरलेलं. दुकानदार माझ्याच वयाचा, सावकाश बोलणारा. त्याने आधी लायसन बघितलं, फोटो बघितला, मेव्हण्याचा चेहरा बघितला, पुन्हा फोटो. कुठेतरी फोन लावून खात्री केली. हे सगळं होईपर्यंत मी त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. ते किंचित डावीकडे कललेलं होतं. मी हात मागे बांधून ठेवले.

"हे कोण?" त्याने माझ्याबद्दल विचारलं.

"आमचे दाजी. तेच पास करणार," मेव्हणा म्हणाला. त्या 'पास'वर त्याने जरा जास्तच जोर दिला, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

"बघा तुम्ही हवं तितकं," दुकानदार म्हणाला, "पण हातात घ्यायचं ते फक्त ज्याच्या नावावर लायसन आहे त्याने. आणि बोट चापावर न्यायचं नाही मी सांगितल्याशिवाय. नळी भिंतीकडे."

आली का पंचाईत! हात न लावता तपासणी. मी काउंटरवर वाकून बॅटरी लावली, आणि मेव्हण्याला सांगत गेलो. डावीकडे वळव. उलटं कर. आता उघड. सावकाश. तो माझं ऐकत होता, अगदी शाळेतल्या पोरासारखं.

पहिला पीस बाहेरून छान दिसत होता. गोळ्या ज्यात भरतात ते गोल चक्र आणि पुढची नळी, यांच्या मधे बारीक फट असते. मी पाठीमागून बॅटरी धरायला लावली. उजेडाची रेघ एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला बारीक.

"रिजेक्ट," मी म्हटलं.

दुकानदाराने भुवया वर केल्या. "साहेब, एवढं तर चालतंच. सगळे घेतात."

"घेऊ देत."

मेव्हण्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा! सांगितलं होतं ना? दाजींच्या नजरेतून मुंगी सुटत नाय."

दुसऱ्या पीसच्या मुठीवरची लाकडी पट्टी नीट बसलेली नव्हती. मेव्हण्याला म्हटलं, नख फिरव कडेवरून. त्याचं नख अडकलं. शिवाय नळीत उजेड टाकून बघितलं तर आत तपकिरी डाग. नवी वस्तू आणि पोटात गंज! माझं डोकं सणकलं. "ह्याला कुणी पास केलं हो? झोपला होता का तो?" मी दुकानदारावरच घसरलो. तो बिचारा म्हणाला, साहेब, मी बनवत नाही, मी विकतो.

"रिजेक्ट!" मी म्हणायच्या आधी मेव्हणाच म्हणाला.

तिसऱ्याचा घोडा, म्हणजे मागचा खटका, सावकाश मागे ओढायला सांगितलं. चक्र फिरलं, पण जागेवर जाऊन 'टक्' असं बसलं नाही. अर्धवट राहिलं, बोटाने ढकलल्यावर बसलं. झटक्यात ओढलं तर कळलंही नसतं. मी सावकाश ओढायला लावलं म्हणून कळलं. ते नापास केलं तेव्हा मेव्हणा शीळ घालायला लागला होता. कपाळावरच्या आठ्या गेलेल्या, खांदे सैल, दुकानदाराच्या नातवंडांची चौकशी चाललेली. मला वाटलं, पोरगा माझ्यावर खूश आहे. मला वाटलं, एका म्हाताऱ्याची कदर करणारं कुणीतरी आहे या जगात.

खिशात फोन थरथरला. घरून. मी उचलला नाही. काय सांगणार? तीन नापास झाले, तिन्ही खरोखर नापास होण्याच्या लायकीचे होते, मला खोटं बोलावं लागलं नाही. देवच धावून आला म्हणायचा. मी मनात म्हटलं, चल, आता उठावं, माल चांगला नाही म्हणावं, मिसळ खावी आणि घरी जावं.

पण दुकानदार हट्टाला पेटला होता. "थांबा," तो म्हणाला. आत गेला, कपाट उघडल्याचा आवाज आला. एक खोका घेऊन आला. अजून वरचा कागदही काढलेला नव्हता. "हा बघा. ह्यात काही सापडलं तर मी दुकान बंद करीन."

मेव्हण्याने ते हातात घेतलं. मी बॅटरी लावली.

काय सांगू! फट सगळीकडून सारखी. मूठ अशी बसलेली की नख फिरवलं तर कुठे सुरू होते कळू नये. नळी आतून आरशासारखी. घोडा सावकाश ओढला, चक्र फिरलं आणि टक्. पुन्हा, टक्. सहाच्या सहा घरांना एकच आवाज. मी वाकलो, भिंग लावलं, उठलो, दुसऱ्या बाजूने वाकलो. कुठेतरी कुणीतरी एक माणूस बसला असेल, त्याने हे काम मन लावून केलं होतं. रिटायर झाल्यापासून इतकी चांगली वस्तू माझ्या डोळ्यांखालून गेली नव्हती. बायको विसरलो, मेथी विसरलो, विहीर विसरलो.

"ओके," मी म्हटलं. मोठ्याने.

दुकानदाराच्या चेहऱ्यावर हसू आलं. मेव्हण्याच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही.

"नीट बघा, दाजी."

"बघितलं."

"त्या तिकडून बघा. खालून. एखादी रेघ, डाग..."

"मला शिकवतोस?" मी भडकलो. "म्हटलं ना ओके! ह्याच्याहून चांगला पीस तुला अख्ख्या हिंदुस्थानात मिळणार नाही."

त्याने ते हिरव्या फडक्यावर ठेवलं. दोन्ही हात शर्टाला पुसले, पांढऱ्या शर्टाला. "पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि जिना उतरून गेला. दुकानदार पावतीसाठी पेन शोधायला लागला. मी त्याला म्हटलं, जरा थांबा. का म्हटलं ते मलाही माहीत नव्हतं. मी त्याच्या मागोमाग जिना उतरलो.

गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. तो तिथे बाकड्यावर बसला होता. हातात चहाचा ग्लास, पीत नव्हता. मी शेजारी बसलो. बाकडं डुगडुगत होतं. त्याकडे मी लक्ष दिलं नाही, यावरून काय ते समजा.

"काय झालं रे?"

"काय नाय."

"अरे बोल की! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?"

"दाजी, तुम्ही पास कराल असं वाटलं नव्हतं."

मला कळेना. "म्हणजे?"

"तुम्ही कधी काय पास केलंय का आजवर? माझ्या लग्नाचा मांडव पास नाय केला तुम्ही. म्हटलं, दाजींना न्यावं. दाजी नाय म्हणतीलच."

"नाही म्हणायला आणलंस मला?"

"मंग? दुकानवाल्याने दिलं असतं ते घेऊन गेलो नसतो?" तो माझ्याकडे बघत नव्हता. "गावात सगळ्यांना ठाऊक हाय. पोलीस चौकशीला आले, चार जणांना विचारून गेले. न्हावी बी विचारतो, आलं का, दसऱ्याला पूजेला मांडणार का? आता घेतलं नाय तर काय सांगू? भ्यालो? तुम्ही नाय म्हटलं असतं तर सांगता आलं असतं, माल बघितला, दाजींनी नापास केला. तुमच्या शब्दाला कोण आडवं जात नाय."

"पण तुलाच नको होतं तर अर्ज कशाला केलास, शहाण्या?"

"तवा पाहिजे होतं."

"आणि आता?"

त्याने ग्लास बाकड्यावर ठेवला. तो एवढा मोठा, रुंद खांद्यांचा माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला. फोनवर ओरडणारा हाच का, असं मला वाटलं.

"परवा पाळी माझी होती. त्याची मोटार चालूच. मी बांधावर गेलो, तो पाठमोरा उभा होता, दारं धरून पाणी वळवत होता. मी हाक मारली. वळला नाय. दाजी, माझा हात असा कमरेला गेला." त्याने शर्टाच्या खाली, उजव्या बाजूला हात नेला. "तिथं काय बी नव्हतं. लायसन तेवढं आलेलं, वस्तू घेतली बी नव्हती. तरी हात गेला. आपला आपण गेला."

टपरीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता, गल्लीत एक टेम्पो मागे घेताना टिंग टिंग करत होता, आणि मी मेव्हण्याच्या त्या हाताकडे बघत बसलो. तासभर तोच हात माझ्या डोळ्यांसमोर होता. भिंग लावून बघत होतो मी! पण बघत होतो लोखंडाकडे.

"ऊठ," मी म्हटलं.

"कुठं?"

"वर. तपासणी अर्धी राहिली."

जिना चढताना माझे गुडघे बोलत होते, त्याहून जास्त मन बोलत होतं. शब्द गेला होता. ओके म्हटलं होतं, मोठ्याने, साक्षीदारासमोर. आता काय म्हणू? नळीत गंज आहे म्हणू? नाही तो गंज. ज्या कुणी माणसाने तो पीस बनवला त्याच्या हाताला मी खोटी नावं ठेवू? बायको म्हणाली होती, मग आज करा. तिला काय जातंय बोलायला! आणि नाही केलं तर त्या बांधावर एखाद्या दिवशी काय होईल, तेही डोळ्यांपुढून हलेना. पाठमोरा माणूस, आणि हाताला या वेळी काहीतरी लागलेलं.

दुकानदार पेन हातात घेऊन बसला होता. "करू ना पावती?"

"एकदा परत बघू द्या. ह्याच्या हातात द्या."

"साहेब, तुम्हीच तर ओके म्हणालात."

"म्हणालो. द्या."

मेव्हण्याने ते उचललं. या वेळी मी बॅटरी लावली नाही आणि भिंगही काढलं नाही. नुसता हात बघत राहिलो. तळवा ओला होता, चकचकीत लोखंडावर बोटांचे ठसे उमटत होते. नळी भिंतीकडे होती. मी काहीच सांगितलं नव्हतं, दुकानदारानेही नाही, तरी त्याचं बोट सरकत सरकत चापावर जाऊन बसलं. त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, आणि त्याने माझ्या नजरेकडे बघितलं तेव्हा त्याच्याही आलं. त्याने चटका बसल्यासारखं बोट काढलं.

तेव्हा मला ते असेंब्लीवाले आठवले. माप बरोबर असलेला भाग हातात घेऊन "बसत नाही" म्हणत माझ्या टेबलाशी उभे राहणारे. आयुष्यभर मी त्यांना हाकलून दिलं.

"पार्ट ओके," मी म्हटलं. "असेंब्ली रिजेक्ट."

"म्हणजे काय हो?" दुकानदाराने विचारलं.

"म्हणजे तुमच्या वस्तूत काही खोट नाही. एक नंबर आहे. पण ह्याच्या हातात बसत नाही. नापास."

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, मग मेव्हण्याकडे. असली गिऱ्हाइकं त्याने पाहिली असावीत, नाहीतर पाहिली नसावीत, मला सांगता येणार नाही. त्याने वाद घातला नाही. मऊ फडक्याने ते ठसे पुसले, सावकाश, एकेक, आणि पीस खोक्यात ठेवला. "मुदत आहे अजून लायसनची," एवढंच म्हणाला. "वाटलं तर परत या."

जिन्यात मेव्हणा माझ्या पुढे होता. मधल्या पायरीवर थांबला आणि भिंतीला डोकं टेकवून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही मिसळ खाल्ली. मिसळीची तर्री फिकी होती, मी तसं मालकाला सांगितलं, आणि मेव्हणा पुन्हा हसला.

घरी आल्यावर बायकोने दारातच विचारलं, "काय झालं?"

"नापास."

"काय खोट निघाली?"

"खोट नव्हती," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने चहा टाकला.

चांदवडकडे आता माझी आणखी बदनामी झाली आहे. दाजींना सरकारी कारखान्याची बंदूकसुद्धा पसंत पडत नाही, असं लोक सांगतात. न्हाव्यापर्यंत गेलंय ते. सांगू देत. एकदा वाटतं आपण फार शहाणपणाचं काम केलं, आणि लगेच वाटतं, कसलं काय? विहीर तिथेच आहे, मोटार तिथेच आहे, चुलतभाऊ तिथेच आहे, आणि कुऱ्हाडीला लायसन लागत नाही. आसपास कुठेही मोटार सुरू झाली, अगदी सोसायटीच्या टाकीची, तरी माझे कान उभे राहतात.

महिन्याभराने त्याचा फोन आला. "दाजी, दुकानात नवीन माल आलाय म्हणे. बघायला येता का?"

माझा पाराच चढला. एवढं रामायण झाल्यावर हा पुन्हा! शिवी तोंडापर्यंत आली होती. पण आवाज नेहमीचा नव्हता, तो ओरडत नव्हता. आणि त्याच्या मागून मोटारीची घरघर येत होती. मोटारीच्याही मागून कुणीतरी माणूस शिव्या देत होता. आवाज ओळखीचा होता, चुलतभावाचा.

मी शिवी गिळली. फोन कानाला धरूनच चपला शोधायला लागलो. हिने मला बघितलं आणि न विचारता एसटीच्या प्रवासाची पिशवी आणून दिली.

तेव्हापासून हे असंच चाललं आहे. कधी दोन महिने शांततेत जातात, कधी आठवडाही जात नाही. फोन येतो, नवीन माल आलाय म्हणे. दुकानात माल आलेला नसतो, ते त्यालाही माहीत असतं आणि मलाही. मी एकच उत्तर देतो.

"निघालो. मी बघितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही."

"नाय लावत, दाजी," तो म्हणतो. "पण लवकर या."